पुन्हा पहिल्यापासून

३१ ऑगस्ट, रविवार

सामान लागले. अकरा खोकी, दोन ट्रंका, एक कपाट आणि वाटेत फुटलेला एक आरसा. ट्रकवाला म्हणाला, बाई, आरसा आधीपासूनच तडकलेला होता. मी त्याला यादी दाखवली. 'आरसा एक, अखंड', आणि खाली त्याचीच सही. मग कपाट जिन्यातून वर चढवताना त्याने स्वतःहून हात लावला.

नवे घर छान आहे. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, नळाला जोर. धाकटी बहीण खालच्याच मजल्यावर राहते. जागा तिनेच शोधली. या गावात तिच्याखेरीज मी कुणालाही ओळखत नाही आणि त्याचे मला बरेच वाटते आहे. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षे निरीक्षक होते. मला पाहिले की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. इथल्या दुकानदाराने आज साखर तोलून दिली आणि माझ्याकडे वरही पाहिले नाही.

धाकटी म्हणाली, ताई, आता तू निवृत्त झालीस, नुसती घरात बसलीस तर माझ्या चहातले साखरेचे चमचे मोजशील. म्हणून तिने परस्पर कोपऱ्यावरच्या संगीत शाळेत माझे नाव घातले आहे. खाजगी शिकवणी, आठवड्यातून दोनदा. मी तिला चांगली झापली. मग विचारले, कुठले दिवस.

काळी पेटी यादीत नव्हती. ती मी ट्रकमध्ये चढवलीच नाही. मांडीवर घेऊन आले.

२ सप्टेंबर, मंगळवार

संगीत शाळा पाहून आले. खाली चष्म्याचे दुकान, वर शाळा. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, दारांवर पितळी आकडे. राळेचा आणि फरशी पुसायच्या साबणाचा वास. स्वच्छता ठीक, तावदाने मात्र बाहेरून कुणी पुसत नाही.

मास्तर सत्तरीचे. पन्नास वर्षे व्हायोलिन धरून डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे वर गेलेला. स्वेटरची बटणे एक घर चुकवून लावलेली. मी हात मागे बांधून उभी राहिले, नाहीतर नीट लावून दिली असती. त्यांनी विचारले, या वयात का? मी सांगितले, डाव्या हाताची बोटे आखडतात. त्यांनी पेटीकडे पाहिले आणि विचारले, व्हायोलिन कुणाचं? मी म्हटले, मुलीचं. ते म्हणाले, बरं.

इथली पद्धत वेगळी आहे. खोल्या जोडीजोडीने बांधलेल्या, मध्ये पातळ भिंत. प्रत्येक धून दोघांची असते. नव्या विद्यार्थ्याला खालची बाजू शिकवतात, म्हणजे लांब, सोपे सूर. वरची बाजू, म्हणजे खरी चाल, जोडीदार पलीकडच्या खोलीत वाजवतो. एकमेकांना पाहायचे नाही, भिंतीतून ऐकायचे. मी कारण विचारले. मास्तर म्हणाले, समोर दिसलं की माणूस आधी बोटं बघतो. मी विचारले, माझा जोडीदार कोण? म्हणाले, येईल. मी विचारले, कधी? म्हणाले, तुमची बाजू जरा पायावर उभी राहिली की. मी त्यांना सांगितले, याला वेळापत्रक म्हणत नाहीत. त्यावर ते हसले आणि मला एक वेळापत्रक दिले: मंगळवार, शुक्रवार, दुपारी तीन ते चार, खोली पाच.

धून विद्यार्थ्याने निवडायची. मी पेटीतली जुनी वही काढून दिली. आठ ओळींची एक धून. दुसरी सुचली नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला धडा. मी व्हायोलिनचा गज इतका घट्ट धरलेला की मास्तर म्हणाले, बाई, सैल सोडा, तो पळून जात नाही. तासाभरात एक मोकळी तार न कचरता वाजवता आली. मान दुखते आहे. समाधान आहे.

माझ्या आधीच्या तासाला खोली तीनमध्ये एक निवृत्त पोस्टमन बासरी शिकतात. बोळातल्या बाकावर भेटले. बोलके गृहस्थ. म्हणाले, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारांवर थापा मारून पाय गेले, आता बोटं झिजवतोय. मग विचारले, तुमचं कोण? मला प्रश्न कळला नाही. मी म्हटले, बहीण आहे, खालच्या मजल्यावर राहते. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे अजून आलं नाही कुणी.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज दोन ओळी जमल्या. मास्तर म्हणाले, कान तयार आहे, हात नवा आहे. कान तयार असणारच. अकरा वर्षे मी रोज ऐकत होते.

इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी हे कुणाला सांगणार नाही.

मुलगी सहाव्या वर्षी व्हायोलिन शिकायला लागली. घरात तिला खारू म्हणायचो, कारण हाती लागेल ते गालात कोंबून पळायची. ती चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. पुढे आम्ही दोघीच. ती आतल्या खोलीत वाजवायची आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून कचेरीचे अहवाल लिहायचे. चूक झाली की मी पेन्सिलीने भिंतीवर दोनदा वाजवायचे. टक टक. म्हणजे, पुन्हा पहिल्यापासून. ओरडले कधी नाही, हात तर उगारलाच नाही. फक्त दोन टकटक. लहान होती तोवर तिला ती गंमत वाटायची, उलट तिकडून तीच दोनदा वाजवायची. मोठी झाल्यावर म्हणायला लागली, आई, तुझ्या घरात सराव नसतो, खटला असतो.

ही आठ ओळींची धून तिने अकराव्या वर्षी घेतली. चौथ्या ओळीत घाई करायची. सतराव्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, एका बैठकीत मी तिला एकोणीस वेळा पहिल्यापासून सुरू करायला लावले. विसाव्या वेळी तिने सुरू केलेच नाही. व्हायोलिन पेटीत ठेवले, कड्या लावल्या आणि मला विचारले, चहा टाकू का? परीक्षेला गेली नाही. पेटी पुन्हा उघडली नाही. एकोणिसाव्या वर्षी ताप आला आणि नऊ दिवसांत गेली. त्याला अकरा वर्षे झाली.

सहा वर्षे ती ही धून वाजवत होती आणि मी ती शेवटपर्यंत एकदाही ऐकलेली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जोडीदार आला.

मी खालची बाजू वाजवत होते. मास्तर बोळात गेले होते. तिसऱ्या-चौथ्या सुराला पलीकडून चाल सुरू झाली. चांगला हात. स्वच्छ, जरा हट्टी. तीन ओळी आम्ही नीट वाजवल्या आणि माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. दोन बाजू एकत्र आल्या की एकटीचे वाजवणे किती उघडे होते ते कळते.

चौथ्या ओळीत पलीकडच्याने घाई केली. खुणा करायला पेन्सिल जवळ होती. मी विचार केला नाही. हात उठला आणि भिंतीवर दोनदा वाजला.

तिकडे गज थांबला. मग नाकातून सोडलेला एक श्वास ऐकू आला. फुस्स. चिडलेला, पण तोंडाने काही न बोलणारा. आणि चाल पुन्हा सुरू झाली. पहिल्यापासून.

शेजारच्या खोलीचे दार उघडून पाहिले. एक खुर्ची, एक रिकामा स्टँड. खुर्चीवर धूळ, आणि धुळीवर कसलीही खूण नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तीच आहे. तो श्वास मी दोन वर्षे जेवणाच्या टेबलावर ऐकला आहे. सतरा वर्षांची खारू.

तास संपल्यावर बोळात आले; पोस्टमन अजून तिथेच होते. पोस्टमननी मला बाकावर बसवले, पाणी आणून दिले आणि म्हणाले, आलं ना तुमचं? मग सांगितले. खोली तीनच्या भिंतीपलीकडे त्यांचा थोरला भाऊ यायचा, सदतीस वर्षांपूर्वी गेलेला. इथे ज्यांचे येते त्यांचे असेच येते, काहीतरी अर्धे राहिलेले घेऊन. दोघांनी मिळून धून शेवटपर्यंत नेली की त्यांची सुटका होते. त्यांनी भावाला तिसऱ्या धड्यालाच जाऊ दिले. म्हणाले, शेवटचा सूर लागला आणि तो हसला बघा, मी ऐकलं. मग खोली रिकामी झाली. पण चांगली रिकामी. पत्र पोचल्यासारखी. बाई, तुम्हीही फार लांबवू नका.

मी त्यांचे आभार मानले.

शेवटपर्यंत वाजवले की जाते. शेवटपर्यंत वाजवले नाही तर जात नाही. पोस्टमन भले गृहस्थ आहेत, पण ही दुसरी बाजू त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज सात वेळा. सहाव्या ओळीपुढे जाऊ दिले नाही. पूर्ण तास ती माझ्याजवळ होती, विटेएवढ्या अंतरावर. खुर्ची भिंतीपासून लांब नेली की पलीकडचे थांबते, म्हणून कान भिंतीला टेकवून बसले होते.

बोलून पाहिले. हाक मारली. आवाज पलीकडे पोचत नाही. सूर पोचतात आणि टकटक पोचते.

धाकटीने विचारले, गालाला चुना कसला लागलाय? म्हणाली, नवीन गावात येऊन भिंती चाटायला लागलीस की काय! खूप हसली. मीही हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा हसले असेन, कारण ती एकदम गप्प झाली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

एक गोष्ट लक्षात आली. आज पलीकडे पायाचा ठेका ऐकू येत होता. खारू टाच आपटून ताल धरायची. ती खोड तिच्या शिक्षकांनी चौदाव्या वर्षी मोडली होती. आणि आज तो नाकातला श्वास नव्हता. टकटक झाल्यावर ती नुसती थांबली आणि निमूट सुरू झाली.

ती तेरा वर्षांची आहे. प्रत्येक टकटकीला ती थोडी मागे जाते.

तेराव्या वर्षी आमचे भांडण सुरू झालेले नव्हते. तेराव्या वर्षी ती मला सगळे सांगायची. जिन्यातून वर येताना मी लहान मुलीसारखी एक पायरी गाळून चढले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा. खात्रीने. पूर्ण मापाचे व्हायोलिन तिला बाराव्या वर्षी मिळाले. आजचा आवाज छोट्याचा आहे, बारीक, किंचित चिरका. माझ्यासाठी याहून गोड आवाज जगात नाही.

मास्तर धड्याच्या मध्येच आत आले. इतके कठोर बोलताना त्यांना पाहिले नव्हते. म्हणाले, बाई, ही धून ती कितव्या वर्षी शिकली? मी सांगितले. ते म्हणाले, मग आता थांबा. याच्याही मागे ढकललंत तर तिला ही धूनच येत नसेल. मग शेवट करणार कशाचा? मी म्हटले, शेवट करायचा आहे असे कुणी सांगितले तुम्हाला? ते दाराकडे वळले. मग म्हणाले, तिलाही कुणी विचारलं का?

मी त्यांना त्यांची बटणे नीट लावायला सांगितली.

३० सप्टेंबर, मंगळवार

जे केले ते लिहिते.

आज ठरवून गेले होते, जाऊ द्यायचे. चौथ्या ओळीत तिने घाई केली, मी सोडून दिले. पाचवी. सहावी. सातवी. आठव्या ओळीत ती शिरली, सगळे माझ्या कानांना नवे होते, आणि इतके सुंदर होते की मला एकदम आठवले, दहा वर्षांची असेपर्यंत सराव झाला की ती भिंतीला वळसा घालून यायची. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. हनुवटीवर व्हायोलिनचा लाल वळ असायचा. विचारायची, झालं? आणि मी अहवालातून मान वर न करता म्हणायचे, झालं.

एक वर्ष. फक्त एकच वर्ष मागे. पुन्हा एकदा तेवढे—

शेवटचे चार सूर उरले होते. मी टकटक केले.

पलीकडे गज थांबला. मग सरावाचे साधे सूर, चढत आणि उतरत. चढत आणि उतरत. धून नाही. मी खालची बाजू वाजवत राहिले, तिने ओळखलीच नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी पेन्सिल घरी ठेवून गेले. शपथ घेऊन गेले.

ती नऊची असेल, किंवा आठची. मध्येच वाजवायची थांबली. आणि मग तिकडून आवाज आला. टक टक. हलके, हसत मारलेले. आमचा खेळ.

मी काय केले असेन? कुठल्या आईने काय केले असते? अकरा वर्षांनी लेक भिंत वाजवून म्हणते आहे, आई, आहेस? मी बोटांनी उत्तर दिले. टक टक. आहे गं, आहे.

झाल्यावर कळले.

आता नुसती मोकळी तार. एकच. गज थरथरतो आहे, पुन्हा लागतो आहे, पुन्हा घसरतो आहे. सहा वर्षांची. व्हायोलिन हातात घेतल्याचा पहिला आठवडा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तरांनी रागावायला हवे होते. रागावले नाहीत. म्हणाले, सहाच्या मागे तिच्याकडे व्हायोलिनच नाही. म्हणजे या खोलीत यायला तिला वाटच नाही. आणखी एकदा भिंत वाजवलीत तर खोली रिकामी होईल, पण पोस्टमनच्या खोलीसारखी नव्हे. काही पोचलेलं नसेल. ती कुठेच नसेल.

मी विचारले, मग आता? ते म्हणाले, तिला धून शिकवा. तुम्ही वरची बाजू वाजवा, ती ऐकेल. कितीही चुकली तरी भिंतीला हात लावायचा नाही. जमेल? बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटले, माहीत नाही.

रात्रीच्या जेवणाला धाकटीकडे. तिला सगळे सांगितले. वाटले हसेल. ती माझा हात धरून बसली. मग म्हणाली, ताई, तापात ती चादरीवर बोटं चालवत होती, आठवतं? मी म्हटले, आठवते. ती म्हणाली, आणि तू काय केलंस ते आठवतं?

आठवते. तिसरे बोट चुकीच्या जागी पडत होते. मी ते उचलून नीट ठेवले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली ओळ मी बारा वेळा वाजवली. बाराव्या वेळी तिने पहिले तीन सूर धरले. बेसूर. काय सांगू, किती बेसूर.

हात उठला होता. मी तो दातांत धरला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एक ओळ येते. दोन्ही बाजू एकदम वाजल्या की ती गोंधळते आणि आपली सोडून माझी वाजवू लागते. म्हणून ती वाजवत असताना मला गप्प बसावे लागते. रिकाम्या हातांनी. भिंतीपाशी.

हाताला सांगून कळत नाही. मी ऐकण्यात गुंगले की तो आपला आपण सरकतो. आज नखे भिंतीला लागली होती. एकदाच. दुसऱ्यांदा लागायच्या आत ओढून घेतला. तिकडे ती थांबली, वाट पाहत. मग पुढे वाजवू लागली.

सहा वर्षांची मुलगी. एका टकटकीनंतर दुसरीची वाट पाहणारी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन ओळी. तीन! मीच शिकवल्या. तिला एवढे पटकन येते हे मला कधी कळलेच नव्हते. थांबवले नाही की ती चूक स्वतःच शोधते, परत येते, दुरुस्त करते आणि पुढे जाते. मी अकरा वर्षे तिला तेवढीही उसंत दिली नाही.

पोस्टमन आता त्यांचा तास झाल्यावर बाकावर बसून राहतात. म्हणाले, मी आपला इथे आहे, बाई. घरी तरी कोण वाट बघतंय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

चौथी ओळ. घाई करते. तीच घाई! सहाव्या वर्षीही. म्हणजे ती चूक नव्हतीच— तिचा स्वभाव होता. चौथ्या ओळीत चाल उतारावर येते आणि खारू उतार दिसला की पळायची—

मुठी आवळून बसले. तळव्यात नखांचे चार अर्धे चंद्र.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा ओळी. मास्तर म्हणाले, हाताला काम द्या, ती वाजवत असताना लिहीत बसा, न थांबवता ऐकणं हीच आता तुमची बाजू. आजपासून ही वही खोलीत आणली. हे इथेच लिहिते आहे. डावा हात मांडीखाली दाबून. उजवा कागदावर. चुकली. लिहीत राहायचे. पुन्हा चुकली. लिहीत राहायचे. छान गं. छान.

तिला ऐकू जात नाही. तरी म्हणते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सात. आठवी ओळ मी तिला वाजवून दाखवली. ती मला येत नव्हती. मास्तरांकडून शिकावी लागली— माझ्याच लेकीची.

शुक्रवारी ती सगळी वाजवेल. मग जाईल.

जाऊ दे. आता मला तेवढेच हवे आहे. निदान कुठेतरी असू दे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. तीन वाजून दहा. खोली पाच

मास्तर बोळात. पोस्टमनही. धाकटी आली आहे, दाराबाहेर उभी, तिला आत यायला धीर होत नाही.

तिने सुरू केले.

पहिली ओळ. नीट. दुसरी. दुसरीत एक सूर चढा— असू दे. लिहिते आहे. डावा हात मांडीखाली. उजवा इथे.

तिसरी. मध्ये थांबली. नाक ओढले. पडसे आहे का तुला? सहाव्या वर्षी तुला कायम पडसे असायचे. पुढे चल, बाळा.

चौथी— पळाली! पळ. पळ. मी काही म्हणत नाही. पळ, खारू.

पाचवी. दोन सूर गाळले. गाळू दे. मला घाम— पेन्सिल घसरते— धरली.

सहावी. तिला आनंद झाला आहे. गज उड्या मारतो आहे. मारू नये. मारू दे. मारू दे.

सातवी. धाकटी दाराशी रडते आहे. गप्प बैस गं, ऐकू येत नाही—

आठवी.

बरोबर. बरोबर. बरोबर. आई गं, किती—

शेवटचा सूर. लांब आहे, चार मात्रा. तिचा गज छोटा. पुरणार नाही. हळू ओढ. हळू. एक. दोन. तिचा गज संपत आला— वळवताना सूर तुटू देऊ नकोस— तुटला तरी चालेल— मी ऐकत नाही— मी लिहिते आहे— तीन—

तुटला. मधेच. थांबली आहे. एकच मात्रा राहिली. घे. पुन्हा घे. मी काही करत नाही. पेन्सिल कागदावर आहे, भिंतीवर नाही. पेन्सिल काग